झब्दासच्या भट्टीतली काटकी

झब्दास भट्टीवाल्याला जाऊन येत्या कापणीला दोन वर्षे होतील. आमच्या अपामेया गावात त्याची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, पण ते त्याच्या भाकरीची आठवण काढतात. मी एकतीस वर्षे लोकरीच्या वखारीत माल उतरवून घेतला आणि जागच्या जागी लावला. वसंतात वखारीच्या किल्ल्या जावयाच्या हाती देणार आहे. त्याआधी झब्दासची गोष्टही जागेवर लावून ठेवावी, एवढ्यासाठी हे लिहितो.

तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. भट्टीपुढे उभे राहून राहून त्याच्या भुवया कायमच्या जळून गेल्या होत्या, त्यामुळे तो नेहमी थोडा चकित झाल्यासारखा दिसायचा. माणूस इथलाच, मूर्ती पुजणाऱ्यांच्या घरातला. त्याची एकुलती एक मुलगी तापाने गेली, तेव्हा तो आणि त्याची बायको अमाथ गावातल्या सगळ्या देवळांच्या पायऱ्या चढले. कोणत्याच देवाने उत्तर दिले नाही. मग एका शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, तो आम्हा यहुद्यांच्या सभास्थानाच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत स्तोत्र चालले होते. ते संपेपर्यंत तो हलला नाही. पुढच्या शब्बाथालाही आला.

अशा माणसांसाठी आमच्याकडे दाराजवळ एक बाक होता. सुंता न झालेले, पण आमच्या देवाचे भय धरणारे लोक त्यावर बसायचे. झब्दास त्या बाकावर तेरा वर्षे बसला. अधूनमधून कोणी तरी म्हणायचे, "अरे झब्दास, आता सुंता करून घे आणि पुढे येऊन बस की!"

"देवाला चालेल रे," तो म्हणायचा, "पण आठ दिवस पडून राहिलो तर गल्लीला भाकरी कोण देईल? तू देशील?"

हसण्यावारी न्यायचा, पण नजर पुढच्या बाकांवर असायची. ते मी पाहिले आहे.

त्याच्या भाकरीची मात्र आम्ही सोय लावली होती. परक्याने भाजलेली भाकरी आमच्यातले जुने लोक खात नसत. माझ्या वडिलांनी एक वाट काढली. आपल्यापैकी कोणी त्या विस्तवात स्वतःच्या घरची एक काटकी टाकली, की भाजण्यात आपला हात लागला. मग ती भाकरी आपली. वडिलांमागे ते काम माझ्याकडे आले. शब्बाथाच्या आदल्या दिवशी सकाळी, वखारीकडे जाताना, मी अंगणातल्या द्राक्षवेलीची एक वाळकी काटकी कमरपट्ट्यात खोचून न्यायचो आणि त्याच्या भट्टीत टाकायचो.

"आली का तुझी काटकी?" झब्दास लांब दांड्याची फळी आत सारत ओरडायचा. "चला, भाकरीची सुंता झाली! आता माझीच काय ती राहिली."

अमाथ आतून म्हणायची, "लाज नाही या माणसाला. भाऊजी, तुम्ही हसू नका हो, तो आणखी चेकाळतो."

मी हसायचोच. दर आठवड्याचा विनोद होता.

मग सायप्रसवाला आला. तंबूचे कापड शिवणारा, थोडा लंगडणारा माणूस. त्याचे खरे नाव आम्हाला माहीत होते, पण गल्लीत तो सायप्रसवालाच. तीन शब्बाथ तो आमच्या सभास्थानात उभा राहून बोलला. संदेष्ट्यांच्या पोथ्या उघडून म्हणाला, ज्या मशीहाची वाट पाहता तो येऊन गेला, त्याला क्रुसावर मारले आणि देवाने त्याला उठवले. आमच्यातल्या काहींना ते पटले, मलाही पटले. बाकीच्यांनी त्याला बाहेर काढले. बाहेर पडला तो सरळ झब्दासच्या भट्टीवर जाऊन बसला. तिथे त्याने पोथी उघडलीच नाही. विचारले, "दादा, दाराजवळचा बाक गार लागतो का?"

"तेरा वर्षांत गरम झालाय," झब्दास म्हणाला.

"मग आता ऊठ. आत जागा आहे."

आम्ही आठवड्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी रंगाऱ्यांच्या आळीत एका विधवेच्या घरी जमू लागलो. यहुदीही, आणि झब्दाससारखेही. पहिल्या दिवशी झब्दास टोपली घेऊन आला आणि सवयीने उंबऱ्याजवळच टेकला. सायप्रसवाल्याने त्याला हाताला धरून आणले आणि माझ्या शेजारी बसवले. झब्दासने माझ्या कानाशी विचारले, "आज काटकी टाकायला आला नाहीस. आता रे?"

काटकी माझ्या कमरपट्ट्यातच होती. या जेवणाच्या भाकरीसाठी ती सकाळीच टाकायची होती, पण वखारीत माल आला आणि जाणे झाले नाही. मी ती काढून दाखवली. सायप्रसवाल्याने ती माझ्या हातातून घेतली, त्या काटकीनेच दिव्याची वात पुढे सारली आणि ती बाजूला ठेवली. मग भाकरी मोडून पहिला तुकडा मला दिला.

तो घास गिळायला मला वेळ लागला. झब्दास माझ्या गळ्याकडे पाहत होता. घास खाली उतरला तेव्हा तो मोठ्याने हसला आणि मग त्याने डोळे पुसले.

चार वर्षे आम्ही असेच जेवलो. मसूर, ऑलिव्ह, नदीचे मासे, झब्दासची भाकरी. तो मला भाऊ म्हणायचा, मी त्याला. काटकीची कोणाला आठवणही राहिली नाही. अमाथ मात्र कधी आली नाही. "तुमचा देव मला एकदा घरी येऊन भेटू दे," असे म्हणायची. सायप्रसवाला पुढच्या गावांना निघून गेला आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे आली. मला व्यवस्था जमते, असे सगळे म्हणत.

पाचव्या वर्षी यरुशलेमहून तीन पाहुणे आले. आमच्याच श्रद्धेचे, पण नियमाचे कडक. त्यांच्यातले मत्तनबाबा पांढऱ्या दाढीचे, बोलायला मऊ. ते विधवेच्या ओसरीवर मला म्हणाले, "योएझर, आम्ही कोणाला दुखवायला आलो नाही रे बाळा. पण वाडवडिलांच्या रीतीने जेवतो. तुमच्या ताटात काय असतं, कोणाच्या हातचं असतं, ते फक्त सांग. नाही जमलं तर आम्ही आपले वेगळे बसू."

वेगळे बसू, हा शब्द मला लागला. एका खोलीत दोन पंगती झाल्या की मंडळी फुटणार, हे मला दिसत होते. रात्री बायकोला, शेलोमितला, सांगितले.

"झब्दासला विचार," ती म्हणाली.

"त्याला कशाला त्रास? मी करतो काहीतरी."

"काहीतरी म्हणजे?"

मी उठलो. अंगणात गेलो आणि वेलीची एक काटकी मोडली.

सकाळी भट्टीवर गेलो. झब्दास पाठमोरा कणीक तोडत होता. हाक मारायची असते, ती मी मारली नाही. काटकी विस्तवात टाकली. वाळकी होती, चटकन पेटली. वळलो तर तो माझ्याकडेच पाहत होता.

"सकाळी सकाळी थंडी वाजतेय का तुला?" त्याने विचारले.

"पाहुणे आलेत, झब्दास. म्हाताऱ्यांच्या मनाला बरं वाटावं म्हणून. नऊ दिवसांचा प्रश्न आहे. तुझं माझं काही बदलत नाही."

"नाही बदलत?"

"अरे, एक काटकी!"

"एकच आहे, दिसतंय मला." त्याने हात झटकले. "मग चार वर्षं काटकीशिवाय काय खाल्लंस, योएझर? तेव्हा भाकरी कोणाची होती?"

"आपली होती."

"मग आज कोणाची झाली?"

मला वखारीत जायला उशीर होत होता. तेच मी त्याला सांगितले. खरेच उशीर होत होता.

संध्याकाळी सगळे बसले. झब्दास टोपली घेऊन आला, माझ्या शेजारच्या त्याच्या जागेपर्यंत आला. तेवढ्यात मत्तनबाबांनी मऊ आवाजात विचारले, "योएझर, भाकरी आपल्या हातची ना?"

तेव्हा मला म्हणता आले असते, ही आमच्या भावाच्या हातची आहे. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. झब्दासही पाहत होता, पहिल्या दिवशी पाहत होता तसाच.

मी म्हणालो, "हो बाबा. विस्तवात काटकी मी स्वतः टाकली आहे."

मत्तनबाबांनी समाधानाने मान हलवली. झब्दासने टोपली माझ्यापुढे ठेवली आणि तो मागे गेला. उंबऱ्याजवळ, भिंतीला पाठ लावून बसला. तुकडा त्याच्यापर्यंत गेला तेव्हा त्याने तो पुढच्या माणसाला दिला. जेवणाशेवटचा द्राक्षारसाचा प्याला फिरायच्या आधी उठून गेला. पाहुण्यांना भाकरी फार आवडली. भाकरीवरचे असे तीळ यरुशलेमला मिळत नाहीत, असे ते म्हणाले.

दोन पंगती झाल्या नाहीत. मंडळी फुटली नाही. सगळ्यांनी माझे कौतुक केले.

पाहुणे नवव्या दिवशी गेले. दहाव्या दिवशी मी भट्टीवर गेलो, मोकळ्या हाताने. विस्तवाच्या तोंडाशी एक मडके ठेवले होते आणि त्यात मूठभर काटक्या होत्या, सगळ्या सारख्या कापलेल्या.

"तुझी सोय केली," झब्दास म्हणाला. "घरून आणायला नको. टाक."

"पाहुणे गेले, झब्दास."

"माहीत आहे. टाक. टाकल्याशिवाय तुमची भाकरी आत जाणार नाही."

"तुमची काय म्हणतोस?"

"मग काय म्हणू?"

मी पुष्कळ बोललो. त्याने ऐकून घेतले. तो रागावला असता तर बरे झाले असते. शेवटी म्हणाला, "योएझर, तू वाईट माणूस नाहीस. पण जे चारचौघांत बोललास, ते इथे पिठाच्या पोत्यांना सांगून काय उपयोग? चारचौघांत परत घे. मी येईन, माझ्या जागेवर बसेन."

"घेतो," मी म्हणालो.

आणि मी घेणारच होतो. पण पहिल्या आठवड्यात विधवेकडे आजारपण होते. मग वाटले, मत्तनबाबांच्या माघारी बोलणे बरे नाही, ते वल्हांडणाच्या सणाला परत येणार आहेत, तेव्हा त्यांच्यासमोरच बोलू. ते आले नाहीत. मग मंडळीत नवी माणसे आली, त्यांना जुने प्रकरण कशाला, असे वाटले. प्रत्येक वेळी कारण चांगलेच होते. मी माझे प्रत्येक कारण आजही सांगू शकतो.

अडीच वर्षे दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी सकाळी मी भट्टीवर जायचो, मडक्यातली एक काटकी उचलायचो आणि विस्तवात टाकायचो. त्या काटकीवर ना माझा विश्वास होता, ना त्याचा. मग तो फळी आत सारायचा. संध्याकाळी टोपली यायची, त्याच्या हाताखालच्या गड्याकडून. तो यायचा नाही. विनोद त्याने पुन्हा कधी केला नाही. एकदा मीच करून पाहिला, "झाली बघ भाकरीची सुंता!" तो म्हणाला, "हो." आणि पीठ चाळू लागला.

लोक विचारायचे, झब्दास का येत नाही? मी म्हणायचो, भट्टीचे काम फार असते.

कापणीच्या तोंडावरच्या अवकाळी गारठ्यात त्याची छाती भरली. तीन दिवस तो भट्टीच्या उबेला अंथरूण घालून पडला होता. मी गेलो तेव्हा अमाथ त्याला द्राक्षाच्या पाकातले पाणी पाजत होती. त्याने डोळे उघडले.

"बोललास?" त्याने विचारले.

"येत्या बैठकीला बोलतो. शब्द देतो."

"बरं," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "मडक्यातल्या काटक्या संपत आल्यात. अमाथला कापून ठेवायला सांगतो."

बैठक चार दिवसांवर होती. तो दुसऱ्याच दिवशी गेला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी उभा राहिलो. बसूनही सांगता आले असते, पण उभा राहिलो. म्हणालो, "मत्तनबाबांनी विचारलं तेव्हा मी जे उत्तर दिलं, ते चुकीचं होतं. झब्दासच्या भाकरीला काटकीची गरज नव्हती. ती आमच्या भावाच्या हातची भाकरी होती, आणि मी ते त्याच्यासमोर नाकारलं."  विधवेने डोळ्याला पदर लावला. नव्या माणसांपैकी एकाने शेजाऱ्याला हळूच विचारले, कसली काटकी? मग भाकरी फिरली.

दुसऱ्या सकाळी मी भट्टीवर गेलो. अमाथ बाह्या सरसावून कणीक मळत होती. गडी विस्तव सारखा करत होता. मी तिला सगळे सांगितले, शब्द न शब्द.

तिने हात थांबवले नाहीत. "किती जण होते भाऊजी?"

"एकवीस."

"एक कमी होता," ती म्हणाली.

मी मान खाली घातली. मडके अजून तिथेच होते. तळाशी पाच-सहा काटक्या राहिल्या होत्या. तिने मडके उचलले, सगळ्या काटक्या एकदम विस्तवात ओतल्या, आणि ते मडके पाण्यासाठी गड्याच्या हातात दिले.

भाकरी अजून तिच्याकडूनच येते. ती जेवायला येत नाही. मी दर वेळी विचारतो आणि ती दर वेळी म्हणते, बघू. माझ्या शेजारची जागा मी कोणाला देत नाही. नवीन माणसे आली की ती उंबऱ्याजवळ टेकतात, मग मी उठतो आणि त्यांना हाताला धरून आत आणतो. पण त्या जागेवर नाही, पलीकडे बसवतो.