चादरी कधी चुकल्या नाहीत

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मावशींनी सव्वीस वर्षं काढली. ओल्या चादरी उचलून उजवा खांदा असा गेला, की आता वेणीसुद्धा सून घालते. तीही करकचून, काही न बोलता. औषधांसाठी मुलाकडे हात पसरायची वेळ आली होती, आणि हात तर उचलला जात नव्हता.

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी कचेरीत ही तिसरी खेप. डॉक्टरांचा दाखला होता. शिवाय धुलाईखान्याच्या मुकादमांनी आपणहून लिहून दिलेलं पत्र होतं. घात त्या पत्रानेच केला.

टेबलामागच्या मॅडमनी ते वाचून दाखवलं. "'गाठोड्यावरची चिठ्ठी पाहून वाटणी करत. सव्वीस वर्षांत एकही चादर चुकीच्या वॉर्डात गेली नाही.' म्हणजे वाचता येतं. अर्जातही सातवी पास आहे. मग बसून करायचं काम जमेल की. याद्या तपासायच्या, नोंदी ठेवायच्या. अशांना भत्ता बसत नाही, मावशी."

सातवी पास नवऱ्याने नोकरीच्या वेळी ठोकून दिलेलं. सहीही त्यानेच महिनाभर गिरवून घेतली होती. तो गेला, सही राहिली.

मावशींनी शेजारी बसलेल्या सुनेकडे पाहिलं नाही. "मला वाचता येत नाही."

"काय?"

"आता पुन्हा नका बोलायला लावू, बाई."

"मग चादरी?"

"गाठीवरून. बाळंतिणींकडची आया दुहेरी गाठ मारायची. लहान मुलांच्या वॉर्डातलं गाठोडं सैल. हाडांच्या वॉर्डातली गाठ दातांनी सोडवावी लागायची. ज्या गाठीने आलं, धुऊन तिथेच परत. चिठ्ठीकडे मी नुसतं बघायचे. बघायला काय लागतं?"

"सव्वीस वर्षं कुणाला कळलं नाही?"

"कळलं असतं तर सव्वीस दिवसांत घरी बसले असते."

मॅडमनी नव्या कागदावर सगळं उतरवलं आणि कागद फिरवून पुढे केला. मावशींनी सवयीने डाव्या हाताने पेन उचलून उजव्यात घेतलं. सुनेने ते हातातून काढून घेतलं. "अंगठा घ्या त्यांचा."

शाईचं पॅड वाळलं होतं. शिपायाने त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. मावशींचा हात टेबलापर्यंत पोचेना. सुनेने कोपराखाली हात घालून तो वर घेतला आणि अंगठा टेकवला.

"वर पाठवते," मॅडम म्हणाल्या. "होईलच असं नाही. पत्र येईल घरी."

बाहेर पायऱ्यांवर सून थांबली. "आई, नऊ वर्षं मी ओट्यावर चिठ्ठ्या ठेवतेय. दूध तापवा, कपडे आत घ्या. तुम्ही एकही काम कधी केलं नाहीत. मला वाटायचं, मुद्दाम करता."

"वाटू दे म्हटलं."

"मी माहेरी सांगत सुटले, सासू म्हणजे नुसता दगड!"

"दगड बरा. अडाणी म्हणाली असतीस."

मावशी अंगठा रुमालाला पुसत राहिल्या, शाई निघेना. मग उरलेल्या पायऱ्या उतरताना सुनेने त्यांचा दंड धरला. नेमका दुखरा. मावशींनी सांगितलं नाही.