एक नंबरचा रिमोट

नणंद वाईट असती ना, तर समीक्षाचं सोपं होतं. दोन शब्द सुनावले असते, चार दिवस अबोला धरला असता, विषय संपला. पण रचना पडली गोड. येताना वडापाव आणायची आणि लसणाची चटणी वेगळी बांधून घ्यायची, का तर वहिनीला तिखट सोसत नाही. अशा बाईवर जळायचं म्हणजे जळणाऱ्यालाच लाज. तरी समीक्षा जळायची. दर रविवारी, बेल वाजल्यापासून रचना परत जाईपर्यंत.

रचना दिव्याला राहायची. तिथे पाण्याची बोंब, म्हणून आठवड्याचे कपडे मोठ्या पिशवीत कोंबून ती डोंबिवलीला माहेरी धुवायला आणायची. माहेर म्हणजे आता भावाचं घर. आईवडील कोकणात गावी जाऊन राहिलेले. आता पाण्यासाठी येणाऱ्या माणसाला येऊ नको कसं म्हणणार? कपडे मशीनमध्ये पडले की ही बया ओढणी कमरेला खोचून टीव्हीसमोर फरशीवर बैठक मारायची आणि हाळी द्यायची, "सुऱ्या, कॅसेट टाक!"

सुऱ्या म्हणजे सूरज, समीक्षाचा नवरा. मोठा भाऊ असून त्याला दादा म्हणायची पद्धत त्या घरात नव्हती. मग शोकेसच्या खणातून लहानपणीचा टीव्ही गेम निघायचा, पार पिवळा पडलेला. त्याच्यासाठी सूरजने जुना डबा टीव्हीसुद्धा टाकू दिला नव्हता. गेमला दोन रिमोट, दोन्हींच्या वायरी आखूड, आणि सुरू करायचं बटण फक्त एक नंबरच्या रिमोटला. त्यामुळे पहिलं भांडण तिथेच.

खेळ रणगाड्यांचा. दोघांनी मिळून शत्रूचे रणगाडे उडवायचे आणि खाली विटांच्या आड बसलेला गरुड सांभाळायचा. मधेच चांदणी यायची. ती जो घेईल त्याची ताकद वाढणार. आणि आपली गोळी आपल्याच जोडीदाराला लागली की तो जागच्या जागी थिजायचा. झालं! चांदणी दिसली रे दिसली की भाऊ बहिणीला थिजवणार, बहीण भावाला.

"ए म्हशी! मला का मारतेस?"

"गप रे बोकडा, चांदणी माझीये!"

मग कोपरखळ्या, चिमटे, आईची खोटी शपथ. खालच्या मजल्यापर्यंत हसणं ऐकू जायचं.

आणि हाच सूरज समीक्षाशी कसा बोलायचा? "चालेल." "तुला हवं तसं." "तू म्हणशील ते." लग्नाला दोन वर्षं होऊन गेली, पण या माणसाचा आवाज बायकोसाठी कधी चढला नाही. आंबिवलीच्या तिच्या माहेरी सगळे त्याच्यावर फिदा. नशीब काढलंस पोरी, म्हणायचे. ठाण्याच्या दवाखान्यात दिवसभर बिलिंगच्या काउंटरवर बसून ती घरी यायची, दोन शब्द भांडावंसं वाटायचं, आणि समोर हा! मनातल्या मनात तिने त्याला नाव ठेवलं होतं, चालेलवाला.

रचनाने तिला एकदोनदा विचारलंही, "वहिनी, खेळतेस?" समीक्षा म्हणाली, "नको गं, तुम्ही खेळा." कारण ती जवळ आली की सूरज लगेच आवरून बसायचा आणि तिच्यासाठी खुर्ची पुसायला उठायचा. खेळाचा नव्हताच हो तिला हेवा.

एका शनिवारी तिने घरच हलवलं. दिवाणाच्या पायांखाली जुनी पायपुसणी घातली आणि एकटीने ढकलत बरोब्बर टीव्हीसमोर आणून ठेवला. आता फरशीवर बसायला जागा नाही, आणि दिवाणावर बसलं तर वायर पुरत नाही. बसा म्हणावं बोंबलत!

सूरज आला, म्हणाला, "छान दिसतंय."

"खरंच?"

"तुला हवं तसं."

रविवारी रचनाने दारातूनच पाहिलं. "अगंबाई, दिवाण इकडे? वायर कशी पुरणार?" आणि चप्पल काढता काढता ती दिवाणाच्या एका टोकाला गेली, सूरज दुसऱ्या. कुणी कुणाला धर म्हणालं नाही, उचल म्हणालं नाही. दिवाण मुकाट्याने आपल्या जुन्या जागी. "आई दर दिवाळीला हलवायला लावायची ना, हाताला सवय आहे," रचना हसत म्हणाली.

समीक्षा स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. हसतो, चिडतो, ओरडतो तो माणूस या घरात राहतो, रोज आपल्याच ताटाशेजारी जेवतो, आणि तो सगळाच्या सगळा बहिणीला मिळतो. त्या रात्री तिने देवापुढे हात जोडले: दिव्याला पाणी येऊ दे.

पुढच्या शनिवारी तिने हट्टाने दिवाण पुन्हा मधे आणला. आणि रविवारी सकाळी फोन! "वहिनी, आमच्याकडे चक्क पाणी आलंय, मस्त फोर्सने! आज नाही येत गं."

समीक्षाने देवाला मनापासून नमस्कार केला. बाहेर सूरज नुसता टीव्हीकडे बघत बसलेला.

"मी खेळू?" तिने विचारलं.

तो दचकलाच. "तू? हो, चालेल. पण दिवाण राहू दे, तुला तसा आवडतो ना. मी उभ्याने खेळतो."

"काही आवडत नाही. धर तिकडून."

दिवाण मागे गेला. दोघं फरशीवर बसली. सूरजने एक नंबरचा रिमोट स्वतःहून तिच्या हातात दिला. चांदणी आली की म्हणायचा, "घे, घे, तू घे." तिचा रणगाडा उडाला की, "होतं असं." ती जिंकत चालली, आणि तिच्या डोक्यात तिडीक चढत चालली. अरे, पाहुण्यांच्या पोराला खेळवतात तसा हा मला खेळवतोय! दोन वर्षं मी या घरात पाहुणी आहे की काय?

तिने आपला रणगाडा वळवला आणि सूरजवर गोळी झाडली. तो थिजला.

"समीक्षा, चुकून मला लागली."

तिने पुन्हा झाडली.

"अगं, तो मी आहे."

"माहितीये."

तो सुटायच्या आत तिसरी. तेवढ्यात शत्रूचा रणगाडा मोकळा खाली आला, विटा फोडल्या आणि गरुड उडवला. खेळ खलास.

"ए म्हशी!" सूरज गुडघ्यांवर उठून किंचाळला. "डोकं फिरलंय का तुझं? एवढे पुढे आलेलो आपण!"

आणि त्याने जीभ चावली. कानापर्यंत लाल झाला. "सॉरी... म्हणजे मला तसं..."

"गप रे चालेलवाल्या," समीक्षा म्हणाली. तिचे डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

सूरजने हात घातला आणि तिचा रिमोट पकडला. "दे इकडे एक नंबर. तुझी लायकी नाही."

"नाही देत जा!"

त्याने खेचला, तिने चिमटा काढला. वायर मागून निसटली, टीव्हीवर मुंग्या आल्या, तरी रिमोट कोणीच सोडेना.