डोंग्याचा दोर

सासूला पाण्यात सोडून देणारी सून म्हणून मी वर्धा जिल्ह्यात गाजणार होते, थोडक्यात वाचले. खरं तर मी सासूला सोडलंच नव्हतं. डोंग्याचा दोर सोडला होता, तोही कपडे वाळत घालायला.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. यांच्या ओळखीचे एक साहेब जंगलखात्यातून रिटायर झाले आणि त्यांनी सेलूकडच्या धरणामागच्या दलदलीकाठी पाहुण्यांसाठी तीन झोपड्या बांधल्या. भिंती शेणामातीच्या, वर गवत, वीज नाही. पण आत मच्छरदाणीचे पलंग, वेताच्या खुर्च्या, बंबाचं गरम पाणी आणि खानसाम्याच्या हातचा किटलीतला चहा. माझी नात असल्या जागेला आता लांबलचक इंग्रजी नाव घेऊन पैसे भरून जाते. मला तेव्हा वाटलं होतं, मातीच्याच घरात राहायचं तर आमचा गोठा काय वाईट होता?

हे, सासूबाई आणि मी तिथे राहायला गेलो. साहेबांचे नियम दोन. पाण्यात साबण नको, आणि पाखरं बुजतात म्हणून व्हरांड्यात कपडे नकोत. दुसऱ्या दिवशी दुपारी हे आणि साहेब चक्रवाक बघायला लांब गेले. डोंगा, म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी, काठाच्या खुंट्याला बांधलेला आणि तो चालवणारा ढिवर जेवायला गावात. माझ्या हातात पिळलेली साडी आणि सासूबाईंचं लुगडं. मी केवढी शहाणी! खुंट्याचा दोर सोडला आणि झोपडीमागे दोन पळसांना ताणून बांधला. डोंग्याचं नाक चिखलात रुतलेलं होतं, जातो कुठे?

मग सासूबाई खानसाम्याकडून सुपात तांदूळ घेऊन आल्या आणि निवडायला थेट डोंग्यात जाऊन बसल्या. रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही आणि जांभळाची सावली नेमकी तिथेच. मी पाहिलं. सांगितलं तर दोर काऊन सोडला म्हणून ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून गप्प राहिले.

त्यांच्या वजनानं मागची बाजू दबली आणि नाक सुटलं. वारा काठावरून आत वाहत होता. मी पदर नीट करून वळले तो डोंगा चार हात आत. बघता बघता दहा. पलीकडच्या काठावर सकाळीच साहेबांनी वाघाचे ओले ठसे दाखवले होते. मधे जुन्या नदीचं पात्र, तिथे बांबू तळाला टेकत नाही असं ढिवर म्हणाला होता.

दोराकडे धावले. गाठी मीच मारलेल्या, ओल्या, सुटता सुटेनात. नखं तुटली. खानसाम्याला हाक मारली, ती वाऱ्यानं पाण्याकडेच नेली. सासूबाई बुडतील हे आधी मनात आलं, आणि लाज सोडून सांगते, त्याच्या मागोमाग लोक काय म्हणतील हेही आलं. परत काठाशी आले तर डोंगा आणखी लांब, गरगर फिरतोय, आणि त्या दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून बसलेल्या.

तशीच पाण्यात शिरले. मला पोहता येत नव्हतं. पाणी कमरेला आलं, मग छातीला. गाळानं पाय धरले. पुढचं पाऊल उचलेना, मागचंही उचलेना, आणि पाणी हनुवटीला लागलं. "आत्याबाई" एवढंच कसंबसं ओरडले.

त्यांनी डोळे उघडले. मला पाहिलं. सुपातले तांदूळ डोंग्यात ओतले आणि ते सारवलेलं सूप पाण्यात घालून सपासप वल्हवायला लागल्या. त्यांचं माहेर नदीकाठचं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. डोंगा वाकडातिकडा होत माझ्यापाशी आला. मी कडेला लोंबकळले, आणि त्यांनी आम्हा दोघींना काठाला लावलं.

चिखलात बसून मी रडत होते आणि दोर मीच सोडला, मीच सोडला, एवढंच सांगत होते. त्यांनी ओल्या पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं, शेंबड्या पोराचं पुसावं तसं. मग म्हणाल्या,

"माह्याखाली डोंगा होता. तुह्याखाली काय होतं वं?"