झाडाचा घेर

खाली सुतार चौकटी कापतोय. भुशाचा वास वर आला आणि मला आमचे हे आठवले. ह्यांची सगळी नोकरी लाकडाच्या वखारीत गेली. अंगाला कायम हाच वास असायचा.

दोन हजार पाच साली आम्ही मुलाकडे कॅलिफोर्नियात होतो. समुद्राकाठच्या रेडवूडच्या जंगलातून गाडीने फिरायचं ठरत होतं. सून म्हणाली, "बाबा, वळणं खूप आहेत, पण ड्राइव्ह मस्त आहे." ह्यांना वळणांचं काही नव्हतं. "झाडाचा घेर केवढा असतो?" एवढंच विचारत होते.

मुलगा म्हणाला, "आपण सगळ्यांनी हात धरले तरी पुरणार नाहीत."

लगेच ह्यांनी सोफा सरकवला, मुलगा, सून, नात यांना गोल उभं केलं आणि माझ्यापुढे हात केला. "ये गं, एक माणूस कमी पडतंय."

सुनेसमोर नवऱ्याचा हात धरायचा? "म्हातारपणी चळ लागलाय तुम्हाला," असं म्हणून मी पोळ्या लाटायला गेले. नात म्हणाली, "आजी, कम ऑन!" मी वळले नाही, तेव्हा तिने माझ्या जागी व्हॅक्यूमचा दांडा धरला. सगळे हसले. हेही हसले.

जंगलात परक्या लोकांसमोर ह्यांनी पुन्हा हात पुढे केला तर? जेवताना मी सांगून टाकलं, "मला गाडी लागते. तुम्ही जा." मला सोडून कुणी जाणार नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं. कुणी गेलंही नाही. "झाडं कुठे पळून जातात?" हे एवढंच म्हणाले.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला मला गाडी लागत नाही हे ठाऊक नसेल का?