वाईला निघालेली गाडी

दुसऱ्याचा रविवार ही आपली वडिलोपार्जित मालमत्ता आहे असं मानणारा माणूस पाहायचा असेल, तर आमच्या साडूंना भेटावं. माझी कलकत्त्याला बदली झाली तेव्हा, "परमुलखात आपलं माणूस आहे, नशीबवान आहात," असं ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, त्या सगळ्यांना एकदा बागबाजारच्या त्या गल्लीत न्यावं, साडूंच्या गाडीच्या छताखाली उताणं झोपवावं आणि हातात उलथनं देऊन "खरवडा" म्हणावं, असं मला आजही वाटतं. सत्तर सालाच्या पुढेमागे दोन-अडीच वर्षं मी हेच करत होतो. बँकेत अधिकारी होतो हो मी. लोक मला उठून नमस्कार करत.

साडू कलकत्त्यातच जन्मले, वाढले आणि तिथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागले. मराठी पुण्याच्या माणसाने कान देऊन ऐकावं असं, फक्त राग आला की ते बंगालीत शिरत. मराठ्यांच्या धास्तीने या शहराने एके काळी खंदक खणला आणि तो बागबाजारपासून सुरू होत होता, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अशा थाटात सांगत, की ती धास्ती त्यांच्या आजोबांनीच घातली असावी असं वाटे. बंगालवर चालून आलेल्या मराठी घोडेस्वारांना तिकडे बर्गी म्हणतात, म्हणून गल्लीतले लोक त्यांना कौतुकाने "बर्गीबाबू" म्हणत. या बर्गीबाबूंना घोडा सोडाच, सायकलसुद्धा येत नव्हती. मोटार चालवायला मात्र ते चाळिशीत शिकले, आणि त्याला कारण होतं त्यांचं स्वतःचंच तोंड.

झालं होतं असं, की आमच्या ताईचं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचं लग्न वाईला झालं तेव्हा पाठवणीच्या वेळी आमचे सासरे अण्णा म्हणाले, "मुलगी फार लांब पडते." यावर कुठलाही शहाणा जावई नम्रपणे मान खाली घालील. साडू म्हणाले, "काळजी करू नका, अण्णा. एक दिवस स्वतःच्या गाडीतून तुमच्या दारात आणून सोडीन." अण्णांचा जन्म कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेलेला. त्यांच्या लेखी बोललेला शब्द म्हणजे दाखल झालेला कागद. त्यानंतर ताई रेल्वेने माहेरी कितीदा तरी गेली, पण अण्णा ती खेप धरायलाच तयार नसत. प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असे : "गाडी कुठवर आली?"

गाडी कलकत्त्याजवळच्या बजबज गावापर्यंत आली. तिथल्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने धंदा बंद केला आणि त्याची बर्फात इलिश मासे वाहून नेणारी गाडी साडूंनी विकत घेतली. आत दोन बाक बसवायचे, वर गाद्या, एका कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याची टाकी, असं फिरतं घर करून थाटात वाईला न्यायचं, हा बेत. इंजिन ठणठणीत होतं. पण छताचा पत्रा गंजून त्याची चाळण झाली होती. तो बदलायचा तर त्याचे रिव्हेट उघडे पडायला आधी आतून चिकटवलेला फोम काढायला हवा. आणि त्या फोमने वर्षानुवर्षं बर्फाचं पाणी पिऊन इलिशचा असा काही वास मुरवून ठेवला होता, की गल्लीतली मांजरं गाडीखाली मुक्कामाला आली. समोरचे डॉक्टरबाबू सकाळी गाडीजवळ येऊन दीर्घ श्वास घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "आहा! की गंध!" साडू कासावीस होत. घरात कांदासुद्धा वार बघून खाणाऱ्या अण्णांच्या दारात ही गाडी उभी करायची कशी?

आता सांगतो, फोम काढणं म्हणजे काय. त्याचा वरचा थर खरवसासारखा अलगद हातात येतो, आणि माणूस फसतो. खालचा थर सोल्यूशनसकट पत्र्याला असा धरून बसतो, की पत्रा फाटेल पण तो सुटणार नाही. खरवडला की त्याची तपकिरी भुकटी होते. ती डोळ्यांत जाते, कानांत जाते, सदऱ्यातून बनियनमध्ये जाते आणि संध्याकाळी जेवायला बसलं की आमटीत उतरते. हे काम मी करायचो. साडू करत नसत. त्यांचं म्हणणं, "खरवडणं हा अडाणीपणा आहे. विरघळवायला पाहिजे." त्यांनी छतावर खडूने चौकोन आखले होते. एकात रॉकेल, दुसऱ्यात टर्पेंटाइन, तिसऱ्यात स्पिरिट, असं कापसाच्या बोळ्याने लावून ते घड्याळ घेऊन स्टुलावर बसत. "मग मी कशाला खरवडतोय?" मी एकदा भडकून विचारलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "तुलनेसाठी." सांगा, माणसाने संतापू नये तर काय करावं?

त्यातून माझ्या बायकोचं माहेराहून आणलेलं लोखंडी उलथनं त्यांच्या नजरेस पडलं. पातळ, सरळ धारेचं, मुठीला लाकूड. "हे उत्तम आहे," म्हणून ते जे घेऊन गेले ते गेलंच. त्या दिवसापासून आमच्या घरची धिरडी तव्याला चिकटू लागली आणि त्याचाही राग माझ्यावरच निघू लागला. ताईकडे तक्रार केली तर ती चहाचा कप पुढे करून म्हणे, "मला कुठे हवीय हो ती गाडी? पण त्यांनी अण्णांना शब्द दिलाय ना." म्हणजे शब्द यांनी द्यायचा आणि तो पाळण्यासाठी भुकटी मी खायची!

कळस झाला तो पेट्रोलच्या चौकोनाने. पेट्रोलने सोल्यूशन खरोखरच विरघळलं. विरघळलं आणि गुळाच्या पाकासारखं सावकाश माझ्या डोक्यावर उतरलं. साडू आनंदाने ओरडले, "हलू नका! निरीक्षण करू द्या!" ते निरीक्षण संपेपर्यंत पाक आळला. शेवटी न्हाव्याने माझं डोकं तुळतुळीत केलं. सोमवारी बँकेत गेलो, तर सगळीकडे चिडीचूप. माणसं हळू आवाजात बोलायला लागली. हेडक्लार्कबाबूंनी माझा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "बाबा, ना मा?" म्हणजे वडील गेले, की आई? मी वाईट चेहरा करून, "फोम," म्हटलं. त्यांना वाटलं, दुःखाने भ्रमिष्ट झालाय. दुपारी टेबलावर केळी, सफरचंदं आणि शहाळं आलं. माझे आईवडील साताऱ्याला सुखरूप होते.

पण माझा खरा संताप निराळाच होता. अण्णांची छाती पहिल्यासारखी राहिली नव्हती. पत्रातलं अक्षर कापू लागलं होतं, तरी शेवटची ओळ तीच होती. मी साडूंना म्हटलं, "जसं आहे तसं निघा. वर ताडपत्री टाका, उदबत्त्या लावा, पण निघा. म्हातारा तुमची वाट बघतोय आणि तुम्ही चौकोन आखताय!" साडूंनी छतावरची भुकटी बोटाने पुसून नाकाशी नेली. मग म्हणाले, "त्यांच्या दारात हा वास घेऊन नाही जाता येणार मला." मी उलथनं आपटून घरी निघून आलो आणि त्याच तिरीमिरीत अण्णांना सगळं सविस्तर कळवलं. त्यांनी जावयाची चांगली खरडपट्टी काढावी, एवढीच माझी इच्छा होती.

उत्तर आलं नाही. अण्णाच आले. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलेलं असताना, दोन रात्रींचा प्रवास करून, काळी टोपी आणि छत्री घेऊन हावड्याला उतरले. आम्ही त्यांना बागबाजारला आणलं. अण्णा घरात न जाता सरळ गाडीपाशी गेले. मी पुढे सरसावून उभा राहिलो. दोन वर्षांचा न्याय आता होणार होता. अण्णांनी आत डोकं घातलं, छत पाहिलं, चौकोन पाहिले, आणि कोट काढून ताईच्या हातात दिला. "उलथनं कुठाय?" म्हणाले.

पुढचे चार-पाच दिवस सासरा आणि जावई त्या गाडीत होते. चौकोनावरून भांडत होते, एकमेकांच्या डोक्यातली भुकटी झटकत होते आणि चहा मागवत होते. रविवारी मी बाह्या सरसावून गेलो, तर अण्णा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसा. तुमच्या हाताला वळण नाही." मला! दोन वर्षं खरवडणाऱ्या मला!

त्याच दिवशी साडूंनी एकदाचं घाबरत विचारलं, "अण्णा, वास येतो का हो अजून?"

"येतो की. नाक शाबूत आहे माझं," अण्णा म्हणाले. "बंगालात मुलगी दिली तेव्हाच तो वास मी कबूल केला होता. तुम्ही मला विचारायचं तरी!" मग हात पुसत ते खाली उतरले. "आता असं करा. वाईला नेण्याइतके दिवस माझ्याकडे नाहीत. मुलीला बसवा, नदीच्या घाटापर्यंत जा आणि परत या. मी दारात उभा राहतो."

ताई नवी साडी नेसून मागे बसली. साडूंनी गाडी सुरू केली. मांजरं पळाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली आणि अण्णा टोपी सारखी करून बागबाजारच्या त्या भाड्याच्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहिले, वाईच्या घरी उभे राहत तसे. माझी बायको आत धावली. भाकरी नव्हती, म्हणून तिने सकाळच्या पोळीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं. गाडी परत आली. साडूंनी उतरून मागचं दार उघडलं. अण्णांनी ताईवरून आणि मग साडूंवरून तुकडा ओवाळून टाकला, दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाले, "आलीस? किती उशीर केलास गं." मग जावयाकडे वळून, "पोचली हो गाडी." समोरचे डॉक्टरबाबू रुमालाने नाक पुसत होते. साडू काही बोलायला गेले, ते बंगालीतच निघालं. राग आलेला नसताना त्यांना बंगालीत बोलताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

परत जाताना अण्णांनी छतावर, चालकाच्या बसण्याच्या वर, हातभर जागा खडूने आखली. "हे माझ्या वाटणीचं. पुढच्या खेपेला येऊन काढीन." पुढची खेप झाली नाही. थंडीच्या आधीच वाईहून तार आली.

माझी बदली झाली तेव्हा साडूंचा निरोप घ्यायला गेलो. छताला नवा पत्रा बसला होता, बाक झाले होते, गाद्या घातल्या होत्या. फक्त चालकाच्या डोक्यावर तेवढा हातभर जुना पत्रा आणि त्याचा फोम तसाच होता, खडूच्या रेघेसकट. "अहो, एवढ्यासाठी अख्ख्या गाडीला वास येतोय. काढून टाका की," मी चिडून म्हणालो. साडूंनी वर बघितलं. "ते आपलं नाही," म्हणाले.

उलथनं त्यांनी मला परत दिलं नाही. त्याचा मला अजून राग आहे. पण मी मागितलंही नाही.