देण्यांच्या धड्याला ताजी बातमी

आमच्या इन्स्टिट्यूटच्या डायरेक्टरसाहेबांना पुस्तकांचा मनापासून तिटकारा होता. पुस्तकातली उदाहरणं मुलांना झोपवतात, तुम्ही पेपरातल्या खऱ्या कंपन्यांच्या बातम्या घेऊन शिकवा, असं त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये बजावलं. ते स्वतः पेपर वाचतात असा संशय कोणी घेऊ नये.

सिंगापूरमधल्या या खाजगी इन्स्टिट्यूटमध्ये मी अकाउंटिंगचा अगदी सुरुवातीचा विषय शिकवत होते. कॉन्ट्रॅक्ट दर वर्षी वाढायचं, आणि त्या वर्षी ते वाढणं फारच गरजेचं होतं. इथल्या वन-नॉर्थ भागातल्या ज्या कंपनीने नवऱ्याला पुण्याहून वाजतगाजत आणलं, तिनेच त्याला एका ईमेलने घरी बसवलं होतं. तो आणि मुलगी आता माझ्या पासवर, म्हणजे माझ्या नोकरीवर मिळालेल्या परवान्यावर, राहत होते. माझी नोकरी गेली की चोआ चू कांगचा फ्लॅट, मुलीची शाळा, सगळंच गुंडाळायचं. म्हणून डायरेक्टर म्हणतील त्याला मान हलवायची, असं मी ठरवून टाकलं होतं. मान हलवायला मला जड जात नाही. तोंड बंद ठेवायला जातं.

देण्यांच्या, म्हणजे लायबिलिटीच्या, धड्याला बातमी आयतीच सापडली. जिमच्या एका साखळीने तीन-तीन वर्षांची पॅकेजेस आगाऊ विकून दमदार कामगिरी केली होती म्हणे. शेजारी मालकाचा दंड फुगवलेला फोटो. मी बातमी पडद्यावर लावली आणि विचारलं, हे पैसे म्हणजे जिमचं उत्पन्न का?

‘येस लाह, चर,’ मागून आवाज आला. तिथे टीचरचं ‘चर’ होतं. ‘कॅश ऑलरेडी इन बँक.’

सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. बँकेत आले ते आपले, ही श्रद्धा कुठल्याही देशात सारखीच घट्ट असते. मग मी समजावलं की गिऱ्हाइकाने पैसे दिलेत, पण त्याचं तीन वर्षांचं धावणं अजून बाकी आहे. जिमने सेवा दिलेली नाही तोवर ते पैसे जिमच्या डोक्यावरचं देणं. महिने सरतील तसं देणं कमी होईल, आणि तेवढंच उत्पन्न म्हणून दाखवायचं. ‘आणि जिम मध्येच बंद पडली तर?’ एकीने विचारलं. तिने नुकतंच पॅकेज घेतलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांचं बोलावणं आलं. ती जिमवाली मंडळी आपल्या मुलांना इंटर्नशिप देतात, हे मला माहीत नव्हतं का? ‘बातम्या घ्या, पण जरा पॉझिटिव्ह घ्या,’ ते म्हणाले. देण्यांची पॉझिटिव्ह बातमी! वजन वाढल्याबद्दल पेढे वाटण्यातला प्रकार. मला हसू आलं आणि रागही आला. मी मान हलवली.

मग मी पॉझिटिव्ह बातमी शोधायला बसले, आणि सर्वांत पॉझिटिव्ह बातमी आमचीच निघाली. इन्स्टिट्यूटला विक्रमी प्रवेश, पूर्ण कोर्सची फी आगाऊ भरणाऱ्यांची रीघ, आणि मधोमध डायरेक्टरसाहेबांचं सुहास्य. पुढच्या तासाला मी तीच लावली.

मग पहिल्या रांगेतली कोथरूडची मुलगी उठली. तिच्या बाबांनी सबंध कोर्सची फी एका दमात भरली होती, कारण तशी भरली तर सूट होती. त्या सवलतीची वार्ता त्यांच्या सोसायटीत वॉचमनपर्यंत पोचली होती. सूट म्हटली की आम्हा मराठी माणसांचा हिशेब तिथेच थांबतो. किती वाचले ते आम्ही चारचौघांत सांगतो, किती अडकले ते बघतच नाही.

‘मॅडम, म्हणजे बाबांनी भरलेली फी अजून इन्स्टिट्यूटची झालेलीच नाही?’ उत्साहाच्या भरात ती मराठीतच बोलली, आणि मग वर्गासाठी तेच इंग्रजीत.

‘नाही झाली. आम्ही शिकवू तशी होईल.’

‘मग या टर्मला ट्युटोरियल बंद करून व्हिडिओ दिलेत, त्याचं काय?’

ब्रोशरमध्ये दर आठवड्याला शिक्षकांसोबत ट्युटोरियल असं ठळक छापलं होतं. या टर्मला ती बंद झाली आणि त्याऐवजी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आले. व्हिडिओत मीच होते, दर वाक्याला घशाशी हात नेणारी. इथे विषय बदलायला हवा होता. पण मी म्हणाले, ‘अगं, जे कबूल केलं आणि दिलं नाही, ते देणंच.’

इतका जागा वर्ग मी आजवर पाहिला नव्हता. तास संपल्यावर सगळे थेट डायरेक्टरांच्या केबिनमध्ये गेले. ‘वी आर युअर लायबिलिटी, सर,’ असं आपण म्हणालो, हे त्या मुलीने मला नंतर रंगवून सांगितलं. बाबांनाही तिने फोन केला होता, आणि बाबा म्हणाले होते, ‘पै न् पै वसूल कर.’ कुठे तक्रार जाईल या धास्तीने डायरेक्टर नमले आणि ट्युटोरियल पुन्हा सुरू झाली. मला अगदी मनापासून आनंद झाला.

नवऱ्याला नाही झाला. तो हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आला होता आणि तिथले लोक ‘कळवतो’ म्हणाले होते. पुण्याचं ‘कळवतो’ आणि सिंगापूरचं ‘कळवतो’ यात काडीचा फरक नाही. ‘तुला कोणी सांगितला होता हा शहाणपणा?’ त्याने विचारलं. डायरेक्टरांनीच सांगितलं होतं, पण तसं म्हणायचा धीर झाला नाही. तोवर माझीही झोप उडाली होती.

टर्म संपत आली तेव्हा डायरेक्टरांनी पुन्हा बोलावलं. चक्क कॉफी मागवली. त्यांनी पुढच्या वर्षीचं ब्रोशर समोर सरकवलं.

‘तुमच्या अकाउंटिंगच्या नजरेने बघा.’

वर्गातल्या तासांची आणि ट्युटोरियलची ओळ गेली होती. तिच्या जागी ‘स्वतःच्या वेगाने शिकण्यासाठी भरपूर साहित्य’ असं छापलं होतं, त्याच ठळक अक्षरांत.

‘उद्या एखादा विद्यार्थी म्हणाला, मला शिक्षक समोर हवा,’ त्यांनी विचारलं, ‘तर या ब्रोशरप्रमाणे आम्ही त्याचं काही देणं लागतो?’

माझे विद्यार्थी महिनाभर ज्यावर अडखळत होते, ते या गृहस्थाने एका भांडणात आत्मसात केलं होतं. कबूलच केलं नाही, तर देणं कसलं? काहीतरी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. ‘हो, थोडं लागता,’ एवढं म्हटलं असतं तर कदाचित वर्ष निघालं असतं. मुलीचा गणवेश डोळ्यांसमोर आला. पण ब्रोशर पक्कं होतं, आणि त्यांनी ते दुसऱ्या कुणाला दाखवलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘काहीच लागत नाही.’

‘ग्रेट!’ ते म्हणाले. माझं कॉन्ट्रॅक्ट या टर्मचे तास आणि ट्युटोरियल संपेपर्यंतच, हे त्यांनी कॉफी ढवळत सांगितलं. ‘व्हिडिओ आहेतच तुमचे. छान झालेत.’ व्हिडिओला पगारही लागत नाही आणि पासही.

मुलगी शाळेतून आली तेव्हा मी तिला सांगितलं की आपल्याला पुण्याला परत जावं लागेल, माझी नोकरी संपली. तिने दप्तर खाली ठेवलं.

‘बट व्हाय, आई? यू टीच सो वेल.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘यंदा तर डायरेक्टरांनाही समजलं.’