शिवनाथवरच्या नव्या पुलाची मोजणी

मंडळी, आज शिवनाथ नदीचा पूल ओलांडताना आईनं माझा हात घट्ट धरला.

"भेव वाटते का?" मी विचारलं.

"भिलाईचा कारखाना बांधून राहिले होते तवा," ती म्हणाली, "ह्याच पुलासाठी तुहे बाबा डोंग्यातून नदीची खोली मोजत होते. एकाएकी पाणी चढलं, डोंगा उलटला. तू माह्या पोटात होतास."

बाबा संध्याकाळी सापडले, प्रवाहात दूर खाली, बाभळीला धरून.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले. मी म्हटलं, जाऊ नका. ते म्हणे, मोजल्याबिगर पूल कसा होईन? मंग मोजणी होयेपर्यंत मी रोज काठावर उभी."

मला हे आजवर माहीतच नव्हतं. तुमच्या आईनं एकटीनं सोसलेल्या भयाबद्दल तुम्ही कधी विचारलंत?